कब्रस्तान हाही पुरावा आहे

मामूंच्या घरात एक निळी प्लास्टिकची फाइल आहे. पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की आधी ती फाइल हलते, मग धानाची पोती. आत फार काही नाही. रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स, नानांच्या नावाने जंगलखात्याने कधीकाळी फाडलेली दंडाची पावती, एक शाळा सोडल्याचा दाखला, आणि वनहक्काचा दावा अमान्य झाल्याचं पत्र. कारण एका ओळीत दिलं आहे : तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा जोडलेला नाही.

गाव मुलचेरा तालुक्यातलं. माझं आजोळ. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, वर्षातून एकदा, फार तर दोनदा तिकडे जातो, आणि दर वेळी मामू ती फाइल माझ्यासमोर ठेवतात. भाचा इंजिनिअर आहे, काहीतरी करेल. मी दर वेळी मोबाइलवर फोटो काढले आणि पुण्याला येऊन विसरलो. असं सहा वर्षं चाललं. या अंकासाठी ‘नागरी हक्कांचा अभ्यास’ हा विषय ठरला तेव्हा मी आधी जाडजूड पुस्तकांची यादी काढायला बसलो, आणि मग लाज वाटली. ज्याचा अभ्यास करायला हवा तो हक्क सहा वर्षं माझ्याच फोनमध्ये पडून होता.

तर आधी कायदा. २००६ चा वनहक्क कायदा दोन प्रकारच्या लोकांना ओळखतो : अनुसूचित जमाती आणि ‘इतर पारंपरिक वननिवासी’. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असली पाहिजे, ही अट दोघांनाही आहे. पण जो आदिवासी नाही त्याला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. त्या तारखेच्या आधी किमान तीन पिढ्या त्याचं घराणं मुख्यतः जंगलात राहत आलं आहे आणि पोटापाण्यासाठी जंगलावर अवलंबून आहे. कायद्यातली एक पिढी पंचवीस वर्षांची. म्हणजे हिशेब पोचतो १९३० च्या डिसेंबरापर्यंत. गडचिरोली जिल्ह्यात मुसलमान जेमतेम दोन टक्के. त्यातला जंगलाच्या काठाला धानाच्या बांध्या कसणारा, मोहफुलं वेचणारा, तेंदूच्या हंगामात पानं तोडणारा जो आहे, तो याच दुसऱ्या प्रकारात येतो. ढिवर, गोवारी, कुंभार, तेली असे त्याचे कितीतरी शेजारीही त्यातच येतात.

‘पंचाहत्तर वर्षं’ म्हटलं की लोक इथेच हात टेकतात. मामूंनीही टेकले. “अपने पास कायका कागज है, बाबू?” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे, रेशनच्या रांगेपासून मतदारयादीपर्यंत. पण पंचाहत्तर वर्षं हाच जमिनीचा तुकडा कसला पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबन पंचाहत्तर वर्षांचं हवं, ताबा २००५ च्या आधीचा पुरे. हा फरक मामूंना कुणी सांगितला नव्हता. मलाही माहीत नव्हता, कारण मी कायदा वाचलाच नव्हता. त्याच्याबद्दलच्या बातम्या वाचल्या होत्या.

आणि पुरावा म्हणजे केवळ कागद नव्हे. या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम काढून वाचा, मी तो तीनदा वाचला. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, वनखात्याचे कार्य आराखडे, संस्थानी काळातल्या नोंदी हे सगळं त्यात आहेच. पण त्याखाली घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीनही आहे. त्याखाली जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळं आहेत. ज्याचं वास्तव्य पूर्वीपासून मान्य आहे अशा माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब आहे. यातले एकाहून अधिक पुरावे जोडायचे. अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरू नये, आणि दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं, हेही त्याच नियमांत आहे.

दफनभूमी. हा शब्द वाचून मी मामूंना फोन लावला आणि विचारलं, गावच्या कब्रस्तानात सगळ्यात जुनी कबर कुणाची?

आमच्याकडचं कब्रस्तान म्हणजे संगमरवर वगैरे काही नाही. कच्च्या कबरी, उशाला एकेक दगड, भोवती काटेरी कुंपण, कडेला मोहाची दोन झाडं. पावसाने माती बसते आणि दहा वर्षांत कुणाची कुठली ते घरच्यांनाच ठाऊक राहतं. मामू म्हणाले, पलीकडच्या कोपऱ्यात एका दगडावर काहीतरी कोरलेलं आहे, पण ते कुणाला वाचता येत नाही. डिसेंबरात गेलो. दगडावर शेवाळ होतं. ब्रशने, पाण्याने, हळूहळू साफ केलं. मकतबात दोन वर्षं गिरवलेली उर्दू त्या दिवशी उपयोगी पडली. नाव पणजोबांच्या थोरल्या भावाचं निघालं. खाली आकडे : १३४०. हिजरी सन १३४० म्हणजे इसवी १९२१-२२.

म्हणजे १९३० च्या आठ-नऊ वर्षं आधी आमच्या घरातला एक माणूस या मातीत पुरला गेला होता, आणि शंभर वर्षं तो दगड तिथेच होता. नव्या पिढीतल्या प्रत्येकाने ईदला त्याच्यासमोर उभं राहून दुवा मागितली होती. दावा दाखल करताना मात्र तो दगड कुणाला आठवला नाही.

इथे थांबून एक गोष्ट कबूल करतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या पिढीने कागदाविरुद्ध घोषणा दिल्या. मीही दिल्या, पुण्यात, घसा बसेपर्यंत. नागरिकत्व कागदावर तोलू नका, ही मागणी मला आजही बरोबर वाटते. पण कागद दाखवायला नकार देणं वेगळं आणि कागदच नसणं वेगळं. पहिल्यात निवड असते. दुसऱ्यात माणूस समोरच्याच्या मर्जीवर जगतो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्या वननिवासींना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत मामूंच्या निळ्या फाइलचा अर्थ काय होता, हे मला तेव्हा समजलं नव्हतं.

समतेच्या लढ्यांचा इतिहास आपण मोर्च्यांचा इतिहास म्हणून वाचतो. छायाचित्रं मोर्च्यांचीच असतात. पण महाडकडे जरा दुसऱ्या बाजूने पाहा. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पुढची दहा वर्षं तो लढा कोर्टात चालला, हे कमी जणांना माहीत असतं. तळ्यावर अस्पृश्यांना न येऊ देण्याची आपली रूढी प्राचीन आहे, असा दावा समोरच्यांनी लावला होता. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ही रूढी अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून त्यांचा दावा टिकत नाही. जुनेपणा सिद्ध करण्याचं ओझं तिथे वगळणाऱ्यांवर पडलं होतं, आणि त्यांना ते पेललं नाही. वनहक्काच्या कायद्यात ते ओझं गरिबाच्या डोक्यावर आहे. मला हा न्याय उलटा वाटतो, आणि तसं बोललंही पाहिजे. पण कायदा बदलेपर्यंत ते उचलायचं कसं, हे शिकावंच लागेल.

महाडमध्ये आपणही होतो, हे जाता जाता सांगितलं पाहिजे. तळं मुसलमानांना बंद नव्हतं, दलितांनाच होतं. सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमानाने स्वतःची जमीन दिली. असा माणूस आपल्या मुलांना माहीत असायला हवा. त्याचं घराणं, त्याच्यावर आलेला दबाव, त्याने होकार का दिला, हे शोधायला महाडला जाण्याइतकी उत्सुकता आपल्यातल्या एखाद्याला तरी असायला हवी.

नाव माहीत असून पुरावा न जपल्याने काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये आपण पाहिलं. फातिमा शेख ही व्यक्तीच नव्हती, ते पात्र आपण रचलं, असं दिल्लीतल्या एका पत्रकाराने जाहीर केलं. आपल्या ग्रुपवर संतापाचा पूर आला. संताप योग्यच होता. पण त्या पुरात पुरावा घेऊन उभे राहिलेले फार थोडे होते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. सावित्रीबाईंबरोबरचं एक छायाचित्र आहे. हे पत्र सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेलं आहे, कुणीही उघडून बघावं. ही एवढीशी गोष्ट पुराव्याची. आपण काय पुढे पाठवत होतो? ९ जानेवारी ही जन्मतारीख, रंगवलेली चित्रं, तिच्या तोंडी घातलेली वाक्यं. त्या जन्मतारखेला आधार देणारा त्या काळातला कागद माझ्या पाहण्यात नाही, आणि मीही ती तारीख दोन वर्षं स्टेटसला ठेवली होती. आपण फुगवलेल्या प्रत्येक गोष्टीने खऱ्या दोन गोष्टींवरचा विश्वास कमी केला. टाचणी लावायला आलेल्या माणसाला फुगा आपणच फुगवून दिला होता.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण आपल्या पोस्टरवर तेही नेहमी असतं. रोझा पार्क्स म्हणजे बसमध्ये दमून बसून राहिलेली शिंपीण, अशी गोष्ट सांगतात. १९५५ च्या त्या संध्याकाळच्या बारा वर्षं आधीपासून ती माँटगोमेरीतल्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेची सचिव होती. १९४४ साली रेसी टेलर या काळ्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा तिचा जबाब लिहून घ्यायला पार्क्स तिच्या गावी गेली होती. म्हणजे बसमध्ये बसून राहण्याआधी ती अनेक वर्षं लोकांचे जबाब लिहून घेत होती.

आता परत आपल्या जंगलात. आमच्या भागाचा सर्वांत मोठा नायक म्हणजे बाबुराव शेडमाके, मोलमपल्लीचा गोंड जमीनदार. २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरला त्याला फाशी दिली. चौकाचौकात त्याचं नाव आहे, आणि असायलाच हवं. आदिवासी मित्रांच्या कार्यक्रमात आपण पाहुणे म्हणून जातो, हार घालतो. चांदा जिल्ह्याचं १९०९ सालचं गॅझेटियर उघडलं तर त्यात वेगळीच नोंद दिसते. मार्च १८५८ मध्ये बाबुरावाने राजगड परगण्यात उठाव सुरू केला तेव्हा त्याच्याबरोबर रोहिल्यांची तुकडी होती. मग घोट-अर्पल्लीचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी रोहिले आणि गोंड असं मोठं सैन्य उभं केलं. घोट आजच्या चामोर्शी तालुक्यात, मुलचेऱ्याच्या शेजारीच. उठाव मोडल्यावर इंग्रजांना मदत केल्याबद्दल अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना घोट-अर्पल्लीची ६७ गावं बक्षीस मिळाली. रोहिले म्हणजे पठाण, मुसलमान. गॅझेटियर लिहिणारा गोरा साहेब त्यांच्या कामाला लूट म्हणतो. साहेबाचा शब्द आपण घ्यायचा नाही, पण त्याने नोंदवलेली घटना सोडायचीही नाही. ते रोहिले भाडोत्री शिपाई होते हेही विसरायचं नाही, सगळ्यांनाच क्रांतिकारक करून टाकायची घाई नको. फातिमा शेखच्या बाबतीत केलेली चूक पुन्हा कशाला?

अशा शोधात गोड तेवढंच सापडेल, असंही नाही. आपले लोक या भागात शिपाई म्हणून आले तसे ठेकेदार, मुनशी, सावकार, दुकानदार म्हणूनही आले. तेंदूपानाच्या फडीवर पुडे मोजताना कुणी किती मारले, याच्या आठवणी माडिया म्हाताऱ्यांकडे आहेत. मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा पहिला अर्धा तास त्याच ऐकल्या. ऐकायलाच हव्या होत्या.

कारण मामूंच्या दाव्याचं भवितव्य त्याच लोकांच्या हातात आहे. वनहक्काचा दावा पहिल्यांदा ग्रामसभेपुढे जातो. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य आदिवासी, किमान एक तृतीयांश महिला. म्हणजे मुसलमान शेतकऱ्याच्या हक्काची पहिली साक्ष गोंड शेजाऱ्याने द्यायची, आणि पहिला निर्णयही त्यानेच घ्यायचा. शेजारच्या टोल्यावरच्या एका आजोबांनी मला सांगितलं की त्यांच्या वडिलांनी आमच्या पणजोबांच्या बैलजोडीने स्वतःची बोडी खणली होती. सन त्यांना सांगता येईना, पण त्या बोडीवरच्या झाडाचं वय सांगता आलं. मी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं आणि अंगठा दिला. निघताना त्यांनी सहज विचारलं, आमच्या सामूहिक दाव्याच्या वेळी तुमच्यातलं कुणी आलं होतं का? कुणी गेलं नव्हतं.

हा प्रश्न मी अजून सोबत बाळगतो आहे. आपल्या हक्काचा अभ्यास आपण आपल्यापुरता करतो. मुलचेऱ्यातच बंगाली वस्त्या आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या. त्यांतले बरेच नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही, म्हणून त्यांची मुलं दाखल्यासाठी वर्षानुवर्षं झगडत आहेत. त्यांना तीन पिढ्यांचा पुरावा तर कधीच देता येणार नाही. एकाच तालुक्यात तीन तऱ्हेचे लोक, तिघांच्या तीन तऱ्हेच्या फाइली, आणि एकाला दुसऱ्याच्या फाइलीत काय आहे ते माहीत नाही.

हे माहीत करून घेण्याची एक रीत आपल्याच जिल्ह्यात तयार झाली आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), चार-पाचशे वस्तीचं गोंड गाव. तिथे १९८० च्या दशकापासून ‘अभ्यास गट’ चालतो. गावकरी आणि बाहेरचे मित्र एकत्र बसतात, एखादा विषय घेतात, कायदा वाचतात, शंका काढतात. निर्णय अभ्यास गट घेत नाही. तो ग्रामसभेत होतो, सर्वसहमतीने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्यातली दोन नावं. आपल्या जंगलावर आपले निस्तार हक्क आहेत, हे या गावाने जुन्या नोंदींतून शोधून काढलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. आज जिल्ह्यातल्या हजारावर गावांकडे सामूहिक हक्क आहेत.

निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज. हे आपल्या विदर्भातल्या महसुली कागदांचे शब्द आहेत, महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही आहेत. कुठल्या गावाने कुठून सरपण आणायचं, कुठे गुरं चारायची, कुठल्या रस्त्याने जायचं, याची नोंद. ‘वाजिब-उल-अर्ज’ हा शब्द आपल्या कानाला ओळखीचा वाटतो. तो कागद मात्र आपण कधी मागितलेला नाही.

म्हणून या अंकापासून आम्ही एक काम सुरू करतो आहोत. ते ऑनलाइन कोर्सचं नाही आणि प्रमाणपत्रही मिळणार नाही. आपल्या गावी जा. कब्रस्तान पाहा. दगडावर कोरीव काम असेल तर साफ करायला तारेचा ब्रश वापरू नका, अक्षरं जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, मूळ फोटो जसाच्या तसा ठेवा, त्यावर फिल्टर नाही. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि काय आहे ते लिहा. ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे अशा नावाच्या तीन हजार फाइलींचा पुरावा होत नाही, हे मी धंद्यानेच सांगू शकतो. कोतवाल पंजीत जन्ममृत्यू असतात, तिची नक्कल मागा. मस्जिदीच्या चंद्याची जुनी वही वाळवीच्या आधी गाठा. दादी, नानीपाशी बसून शिजरा लिहा, आणि त्यात बायकांचीही नावं लिहा. आमच्या शिजऱ्यात पणजीचं नाव कुणालाच सांगता येईना, पुरुष मात्र सात पिढ्यांचे पाठ होते. प्रत्येक नोंदीसमोर ती कुणी सांगितली ते लिहा. आणि शेजारच्या टोल्यावर, वस्तीवर त्यांची फाइल विचारायलाही जा.

कबर दाखवली की दावा मंजूर होतो, असा गैरसमज मात्र नको. त्या दगडाने फक्त एक माणूस सिद्ध होतो. तो माणूस आमचा आहे हे शिजऱ्याने, तो इथे राहत होता हे आजोबांच्या जबाबाने, आणि घराचं पोट जंगलावर होतं हे आणखी कशाने तरी दाखवावं लागेल. त्या पावतीने, बोडीने, बांधाने. मामूंचं अपील करायची मुदत केव्हाच उलटली होती. ग्रामसभेने ते प्रकरण फेरविचारासाठी घ्यावं, असा अर्ज आम्ही दिला आहे. जोडपत्रात दगडाचे चार फोटो, हिजरी सनाचं इसवीत रूपांतर, दोन जबाब आणि शिजरा आहे.

परवा मामूंचा फोन होता. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे, तुला यावं लागेल, दगडावरचं वाचून दाखवायला दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, येतो, पण तोवर तुमच्या नातवाला अलिफ-बे सुरू करा. ते हसले. म्हणाले, तो सकाळपासून कब्रस्तानातच आहे, आणखी दोन दगड घासून काढलेत त्याने. कशाने घासले, ते मी आधी विचारलं.